निरोपाचा खलिता

(दृश्य: पॅरिस. ब्रिटिश राजदूताच्या हवेलीचं फाटक, आतलं अंगण.)

निवेदन:

३१ मार्च १९७९. नेपोलियनची बहीण पोलीन हिची ही हवेली. १८१४ मध्ये वेलिंग्टनने ती तिच्याकडून विकत घेतली, तेव्हापासून इथे ब्रिटनचा राजदूत राहतो. आजचे राजदूत सर निकोलस हेंडरसन, मित्रमंडळींत 'निको', उद्या साठ वर्षांचे होतील. ब्रिटिश परराष्ट्रसेवेत साठी म्हणजे निवृत्ती. त्यांच्या शेवटच्या खलित्यावर तारीख पडली आहे ती आजची.

खलिता आणि तार यांत फरक आहे. तार घाईची असते. ती सांकेतिक लिपीत जाते आणि आज काय घडलं, उद्या काय घडेल एवढंच सांगते. खलिता सवडीने लिहायचा. परराष्ट्रमंत्र्यांना उद्देशून, परिच्छेदांना क्रमांक घालून, आणि शेवटी 'आपला आज्ञाधारक सेवक' या थाटाची सही. लंडनला पोचला की तो छापला जाई आणि प्रती मंत्र्यांकडे, खात्यांत, जगभरच्या वकिलातींत फिरत.

निरोपाच्या खलित्याला एक जादा मुभा होती. लिहिणाऱ्याला आता ना बढतीची आशा, ना बदलीची धास्ती. मग वरच्यांची मर्जी कशाला राखायची? बरेच राजदूत ही मुभा यजमान देशाची टिंगल करण्यात उधळून टाकत. हेंडरसन यांनी तिचा वापर आपल्याच देशाचं निदान करायला केला.

(दृश्य: छापील कागद. कॅमेरा आकड्यांवर थांबतो.)

विषय होता ब्रिटनची घसरण. त्यांनी मांडलेले आकडे असे: १९५४ मध्ये फ्रान्सचं राष्ट्रीय उत्पन्न ब्रिटनपेक्षा २२ टक्क्यांनी कमी होतं, पश्चिम जर्मनीचं ९ टक्क्यांनी. १९७७ मध्ये फ्रान्स ३४ टक्के पुढे, जर्मनी ६१ टक्के. आकड्यांपेक्षा जास्त झोंबलं ते पुढचं. पश्चिम युरोपात नुसतं हिंडून या, आपण किती गरीब झालो ते दिसेल, असं ते लिहितात. विमानतळ पाहा, इस्पितळं पाहा, रेल्वे पाहा. वॉर्सा, बॉन आणि पॅरिस अशी ओळीने दहा वर्षं राजदूतकी केलेल्या माणसाचं हे म्हणणं होतं, त्यामुळे ते झटकून टाकणं सोपं नव्हतं.

अशा कागदाला धोका एकच, तो फुटण्याचा. जितक्या प्रती तितके हात. २ जून १९७९ च्या 'इकॉनॉमिस्ट' या ब्रिटिश साप्ताहिकात खलिता छापून आला.

(दृश्य: वॉशिंग्टन, मॅसॅच्युसेट्स अॅव्हेन्यू. लाल विटांचं राजदूत-निवास.)

हेंडरसन तोवर सेवेतून बाहेर पडले होते. पण मे महिन्यात मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या. वॉशिंग्टनच्या पदासाठी त्यांनी आधी माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ यांना विचारलं. हीथ यांनी नकार दिला आणि निवृत्त हेंडरसन यांना परत बोलावणं आलं. स्वतःच्या देशाचं दुखणं इतक्या उघडपणे लिहिणारा माणूस आता त्याच देशाची बाजू मांडायला निघाला.

वॉशिंग्टन त्यांना नवं नव्हतं. क्षयामुळे सैन्यात जाता आलं नाही, म्हणून ते तरुणपणीच परराष्ट्रखात्यात आले. १९४८-४९ मध्ये याच शहरात नाटो कराराचा मसुदा घडत असताना ते हजर होते. आताचं निवासस्थान एडविन लुटियन्सचं, म्हणजे नवी दिल्लीचा आराखडा करणाऱ्याच वास्तुविशारदाचं. पत्नी मेरी, मूळच्या ग्रीक, यांनी आतल्या खोल्या ब्रिटिश सजावटकारांच्या हातून नव्या करवून घेतल्या. यजमानांची टायची गाठ मात्र क्वचितच जागेवर असे.

२ एप्रिल १९८२. अर्जेंटिनाने ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं घेतली. अमेरिकेची अडचण अशी, की दोन्ही देश तिचे मित्र. त्याच संध्याकाळी अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रांतल्या प्रतिनिधी जीन कर्कपॅट्रिक अर्जेंटिनाच्या वकिलातीत जेवायला होत्या. हेंडरसन यांनी टीव्हीवर हिशेब चुकता केला: तेहरानमध्ये अमेरिकन माणसं ओलीस धरली गेली त्या रात्री मी इराणच्या वकिलातीत जेवायला गेलो असतो, तर? अमेरिकन प्रेक्षकाला यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नव्हती.

अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेग लंडन आणि ब्युनॉस आयर्समध्ये मध्यस्थीच्या फेऱ्या मारत होते. तोवर हेंडरसन टीव्हीचे स्टुडिओ आणि सिनेटरांच्या कचेऱ्या पालथ्या घालत राहिले. २९ एप्रिलला सिनेटने ७९ विरुद्ध १ मतांनी ब्रिटनच्या बाजूने ठराव केला. दुसऱ्या दिवशी अमेरिकी सरकारने ब्रिटनची उघड बाजू घेतली. पाठिंब्याचे शब्द एकीकडे, रसद दुसरीकडे. फॉकलंडच्या वाटेवरचं असेन्शन बेट ब्रिटनचं, पण तिथली धावपट्टी अमेरिका चालवत होती. तिथलं विमानाचं इंधन आणि साइडवाइंडर क्षेपणास्त्रं मिळणं ही आरमाराची खरी गरज होती, आणि संरक्षणमंत्री वाइनबर्गर यांनी त्यात हात आखडता घेतला नाही. १४ जूनला अर्जेंटिनाच्या सैन्याने शरणागती पत्करली.

(दृश्य: चॅनल टनेल, फोकस्टनकडचं तोंड.)

दुसऱ्यांदा निवृत्त झाल्यावर १९८५ मध्ये हेंडरसन चॅनल टनेल ग्रुपचे, म्हणजे इंग्लंड आणि फ्रान्सला समुद्राखालून जोडणाऱ्या बोगद्याची योजना मांडणाऱ्या गटाचे, अध्यक्ष झाले. जानेवारी १९८६ मध्ये फ्रेंच भागीदारांसह त्यांच्याच गटाची योजना निवडली गेली. सुमारे ५० किलोमीटरचा हा रेल्वे बोगदा १९९४ मध्ये सुरू झाला.

निरोपाच्या खलित्याची प्रथा २००६ मध्ये मार्गारेट बेकेट परराष्ट्रमंत्री असताना बंद झाली. त्याच वर्षी रोमहून निघालेल्या राजदूताने आपल्या खलित्यात खात्याच्या व्यवस्थापनाचीच खरडपट्टी काढली होती. हेंडरसन १६ मार्च २००९ रोजी वारले. प्रथा त्यांच्याआधी गेली.