अमळनेरचे शेअर आणि दोन टक्के

श्रोतेहो, नमस्कार. मोठ्या उद्योगांकडून समाजाचं भलं होतं का, असं विचारलं की कुणी शाळेला मिळालेली बाकं दाखवतं, कुणी देणगीदाराच्या नावाचा फलक. फलकावर कंपनीचं नाव शाळेच्या नावापेक्षा मोठं असतं, ते जाऊ द्या. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरच्या कित्येक घरांत मात्र या प्रश्नाचं उत्तर ट्रंकेत, शालूच्या घडीखाली ठेवलेलं असतं, शेअरच्या जुन्या कागदांच्या रूपात.

29 डिसेंबर 1945. मोहम्मद हाशम प्रेमजींनी अमळनेरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापली. आजूबाजूला भुईमूग, दारात सुरत-भुसावळ रेल्वे. माल निघायचा सनफ्लॉवर छापाचं वनस्पती तूप आणि '787' नावाचा कपड्यांचा साबण. (कळण्याच्या भाकरीवर घाण्याचं तेल आणि ठेचा असताना वनस्पती कुणाला हवं होतं, हे आजही न सुटलेलं कोडं आहे.) 1966 मध्ये वडील गेले आणि 21 वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण अर्धं टाकून परतले. हीच कंपनी पुढे विप्रो झाली, तुपावरून कॉम्प्युटरवर गेली. आणि तिचे शेअर होते गावातल्या दुकानदारांकडे, शेतकऱ्यांकडे, मास्तरांकडे.

आता कागद-पेन्सिल घ्या. 1997 च्या बोनसआधी कुणाकडे 100 शेअर होते असं धरू. त्या वर्षी एकाला दोन बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे दोन नवे फुकट, झाले 300. 1999 मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे दोन-दोन रुपयांचे पाच झाले, म्हणजे 1,500. 2004, पुन्हा एकाला दोन, 4,500. 2005, एकास एक, 9,000. 2010, तिनाला दोन, 15,000. 2017, एकास एक, 30,000. 2019, तिनाला एक, 40,000. 2024, एकास एक, 80,000. पुन्हा सांगतो, 100 चे 80,000, खिशातून एक पैसा न घालता. वर दरवर्षीचा डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला रोख वाटा, वेगळा.

यात दान कुणी केलं नाही. नफ्याचा वाटेकरी गावात राहिला, एवढंच झालं, आणि माझ्या मते उद्योगाने गावासाठी करण्यासारखं यापेक्षा मोठं काही नाही. नशीबही होतंच. त्याच काळातल्या कितीतरी कंपन्यांच्या सर्टिफिकेटांची आज रद्दी झाली आहे. प्रेमजींनी पुढे 2019 पर्यंत विप्रोच्या 67 टक्के शेअरचा आर्थिक लाभ परोपकारासाठी दिला, सरकारी शाळांच्या शिक्षकांसोबत त्यांच्या फाउंडेशनचं काम चालतं, तेही मोलाचंच.

पण ट्रंकेतला कागद बाहेर काढा. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी संगणकावरच्या खात्यात जमा, करावे लागतात. कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे शेअरधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, पॅन, बँक खातं आणि नमुना सही कळवा. सलग सात वर्षं डिव्हिडंड उचलला नसेल तर शेअरच सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत (आयईपीएफ) जातात. बुडत नाहीत हं! कंपनीकडून हक्काचं पत्र घ्यायचं, मग आयईपीएफ-5 हा अर्ज भरायचा. अडतं कुठे? नावात. सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, मध्येच कुठे 'भाऊ' नाहीतर 'राव' जोडलेलं. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत, असं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. आजोबा हयात नसतील तर वारसाचे कागद आधी करा, डीमॅट नंतर.

राहिलं कायद्याचं सीएसआर, म्हणजे कंपन्यांवरची सामाजिक जबाबदारी. निव्वळ मूल्य 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी लागू झालं तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करायचे. नफ्याचे, उलाढालीचे नव्हे. गावातल्या संस्थेला हा पैसा हवा असेल तर आयकराच्या 12अ आणि 80जी नोंदण्या, तीन वर्षांचं काम आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-1 नोंदणी लागते.

घोळ होतो तो उद्घाटनानंतर. शाळेला पाण्याचं आरओ यंत्र मिळतं. आपल्याकडच्या क्षाराच्या पाण्याने मेम्ब्रेन, म्हणजे आतला गाळणीचा पडदा, चोंदतो, नवा कुणी आणायचा आणि वीजबिल शाळेने भरायचं की ग्रामपंचायतीने, यावर टोलवाटोलवी सुरू होते, तोवर यंत्रावर धूळ. म्हणून नुसतं यंत्र मागू नका. प्रस्तावातच बिल, फिल्टर, मेम्ब्रेन आणि दुरुस्तीवाल्याची फेरी यांचा खर्च लिहा, आणि काम 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करून घ्या. मग सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं कंपनीला त्यावर पैसे घालता येतात.