गेट पडलंय, कॅमेरा लावा

अध्यक्ष आणि समोरच्या मुलामुलींनो, फळ्यावर विषय लिहिलाय ‘प्रेमकथेच्या लघुपटाची सुरुवात कशी बांधावी’. बांधू की. त्याआधी एक विनंती. आपल्या बेळगावच्या राजहंसगडावरून ड्रोन उडवून सुरुवात करू नका. तुमच्यातल्याच काहींनी मला पाच लघुपट दाखवले, त्यांत तिघांचं तेच. ढग, गड, बासरी. प्रेम कुणाचं, ते चौथ्या मिनिटाला कळतंय. शिवाय इकडं लष्कराचा कॅम्प, तिकडं सांबऱ्याचा विमानतळ. परवान्याशिवाय उडवलात तर नायिकेआधी पोलीस भेटायला येतील. (हशा)

माझं म्हणणं एवढंच, की प्रेमकथा भेटीनं सुरू करायची नाही, खोळंब्यानं करायची. आणि खोळंब्याला टिळकवाडीच्या रेल्वे गेटांसारखी जागा नाही. ‘गेट पडलं होतं’ म्हटलं की बेळगावात उशिराचं दुसरं कारण कुणी विचारत नाही.

कॉलेजात असताना आम्हीही असाच एक खटाटोप केला. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका काकांचा व्हीएचएस कॅमेरा दोन तासांच्या बोलीवर आणला. दुसऱ्या रेल्वे गेटवर अलीकडं तो, पलीकडं ती, दोघांच्या सायकली. गाडी जाते, गेट उघडतं, दोघं मध्ये भेटतात. कागदावर बारा शॉट. गाडी आली ती मालगाडी, आणि आमच्या नशिबानं रुळांवरच थांबली. काकांचं घड्याळ चालू. त्यात नायिका म्हणजे मित्राची मामेबहीण, आणि तिचे सख्खे काका स्कूटरवर तिच्याच मागं गेट उघडायची वाट बघत उभे! त्यांनी आधी कॅमेरा बघितला, मग पुतणी बघितली. पुढं काय झालं ते सांगत नाही, अध्यक्ष माझे पाहुणे लागतात. (मोठा हशा)

तर गाडी गेली, गेट उघडलं, आणि पलीकडं मुलगीच नाही. पोरगं खरोखरच गोंधळून उभं राहिलेलं. ते टेपमध्ये आलं, आणि त्याच्या आधी काय आलं होतं माहीत आहे? गाडी हलायला लागल्यावर दोन डब्यांमधल्या फटीतून क्षणभर दिसणारी पिवळी ओढणी. दिसते, जाते, दिसते, जाते. शेवटच्या फटीत नुसता रस्ता. आमच्या बारा शॉटांत हे कुठंच नव्हतं. आणि आम्ही शहाण्यांनी ते कापून टाकलं, बागेतलं गाणं ठेवलं. ती हळहळ अजून जात नाही, म्हणून तर बोलावलं की येतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पळतो.

वेळेचं गणित आधी करा. भरगच्च मालगाडीला साधारण 58 वाघिणी, म्हणजे मालडबे, लांबी सहाशे मीटरच्या वर. ताशी 30 किलोमीटरनं ती गेटवरून जायला सव्वा मिनिट घेते. दहा मिनिटांच्या लघुपटाला तेवढी सुरुवात पुरते. नावं त्यातच बसवा.

दोघांना जोडणारी एक रेघ मनात धरा, ती कॅमेऱ्यानं ओलांडू नका. कॅमेरा खानापूरच्या बाजूला लावलात, तर दोघांचेही शॉट तिकडूनच. मध्येच मिरजेच्या बाजूला उडी मारली, की समोरासमोरची माणसं एकाच दिशेला बघताना दिसतात, जणू दोघंही तिसऱ्याचीच वाट बघतायत.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानाची ट्यूब लागली की चित्र लपलपतं. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटर 1/50 वर ठेवा. गेटची घंटा आणि गाडीचा आवाज वेगळा, दोन मिनिटं सलग, कुणी न बोलता घ्या. रुळांवर जायचं नाही. रेल्वेच्या हद्दीत शूटिंगला त्यांचा परवाना लागतो.

भाषेचं राहिलं. मुलगा मराठी, मुलगी कन्नड, बाप चिडलेला, हे 1956 ला बेळगाव कन्नड राज्यात गेल्यापासून आपल्याला आयतं मिळालंय, म्हणून ते पहिल्याच मिनिटाला काढू नका. गेटवरची गर्दी दोन्ही भाषांत शिव्या घालते, तेवढी ऐकू येऊ दे. त्याला बसची कन्नड पाटी वाचता येत नाही आणि तो तिलाच विचारतो, हे नंतर येऊ दे.

मालगाडी वेळापत्रकात नसते. गेटमनला विचारा. आधी चहा पाजा, मग विचारा.