पान एकक् देन्न

श्रोतेहो, नमस्कार. आज श्रीलंकेतल्या भाषांबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात नेगोंबोच्या एका सकाळपासून.

नेगोंबो म्हणजे कोलंबोच्या उत्तरेचं, समुद्राकाठचं कोळ्यांचं शहर. आम्ही एका घरी उतरलो होतो. उजाडताच रस्त्यावर पियानोची धून वाजली. बेथोव्हेनची! बघते तर काचेची पेटी लावलेली रिक्षा. घरमालकीण म्हणाली, "चून पान आलं." चून म्हणजे ट्यून. आणि पान? मला वाटलं, विड्याचं. ती फाटकाशी गेली आणि म्हणाली, "पान एकक् देन्न." श्रोतेहो, पुन्हा ऐका. पान, एकक्, देन्न. यातला 'एक' आणि 'दे' मला कुणी शिकवावा लागला नाही. आणि तिच्या हातात आला गरमगरम पाव! १५०५ साली पोर्तुगीज तिथे पोचले, त्यांच्या भाषेतला हा शब्द. आपल्याकडे त्याचा पाव झाला, तिकडे पान. गोव्यात पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत येतो, तिथे धून वाजते.

आणि पाव त्याच सकाळी खावा हो. पिशवीतल्या त्या गोडसर स्लाइसना मी तरी पाव म्हणत नाही.

तर, सोबत पोल सांबोल होतं, म्हणजे ओल्या खोबऱ्याची लाल तिखट चटणी. पहिला घास घेते तोच आतून घरमालकिणीच्या सासूबाईंनी तमिळमध्ये काही विचारलं. मला कळला एकच शब्द, पाण. तिथल्या तमिळमध्येही पावाला पाणच म्हणतात. सून सिंहली बोलणारी, सासू तमिळ. भाषा दोन, पावाचा शब्द एक.

सिंहली आपल्या मराठीच्याच गोतातली. दहाला ती म्हणते दहय. हिंदीच्या 'दस'पेक्षा हे आपल्या 'दहा'ला किती जवळचं! तमिळ द्राविडी कुळातली. शिवाय मलाय कुटुंबांची मलाय आहे, भटक्या गारुड्यांची तेलुगू आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या बट्टिकलोआकडे काही बर्गर, म्हणजे पोर्तुगीज-डच वंशाच्या, घरांत पोर्तुगीजपासून घडलेली बोली आहे, फार थोड्या तोंडी उरलेली. शेजाऱ्याच्या भाषेतले एक ते दहा आकडे तरी प्रत्येक मुलाला यायला हवेत, असं मी नेहमी म्हणते.

पण १९५६ साली कायदा झाला आणि एकटी सिंहली राजभाषा ठरली. एका घरात जेवणाऱ्या दोघींपैकी एकीचंच पान मांडलं. एकीचंच. दुसरीचं, तमिळचं, पान मांडलं गेलं १९८७ साली, तेराव्या घटनादुरुस्तीने. एकतीस वर्षांनी! मधल्या काळात त्या बेटावर युद्ध पेटलं होतं, आणि ते थांबायला २००९ उजाडलं.

त्या सकाळी सासूबाईंचा प्रश्न सुनेने मला इंग्रजीत सांगितला. त्या विचारत होत्या, "पाहुणीला पाण मिळाला का?" आणि मग सून म्हणाली, "आईंना सिंहली वाचता येत नाही. सरकारी कागद आला की अजून मलाच वाचून दाखवावा लागतो."