नाव घेऊन सलाम

श्रोतेहो, जय ख्रिस्त. आज बोलायचंय मंडळीतल्या सलामाबद्दल. उपासना सुटली की दारात आपण हात मिळवतो, जय ख्रिस्त म्हणतो, आणि डोळे असतात चपलांवर, त्या सलामाबद्दल.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढून बघा. तारण, विश्वास, कृपा सगळं सांगून झालं आणि शेवटी हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल काय लिहितो, तर सलाम. प्रिस्का आणि अक्विला यांना सांगा, रूफाला सांगा, त्याच्या आईला सांगा, ती मलाही आईच आहे म्हणतो. पंचवीसच्या वर माणसं आणि बहुतेकांची नावं घेतलीत. सगळ्यांना सलाम असं एका ओळीत उरकता आलं असतं की, पण नाही उरकलं. नाव घेऊन सलाम, लक्षात ठेवा, नाव घेऊन.

आमच्या मंडळीत एक सिस्टर मावशी होत्या, मिशन हॉस्पिटलातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. कुणी नेमलं नव्हतं तरी दर रविवारी दारात उभ्या. हात हातात घेतला की सोडायच्याच नाहीत, नाव घ्यायच्या, मग आईचा गुडघा, पोराची दहावी, म्हैस व्याली का, सगळं, आणि मागं ही लाइन, तरुण पोरं वैतागायची कारण घरी मटण शिजत असायचं. तर एका रविवारी एक भाऊ आले, शेतकरी माणूस, बोलणं कमी. मावशींनी हात धरला, जय ख्रिस्त म्हणाल्या आणि थांबल्या. "भाऊ, हात बर्फासारखा का लागतोय? आणि हा घाम?" ते म्हणाले काही नाही मावशी, ॲसिडिटी आहे, रात्री भरीत जास्त झालं. मावशींनी तिथंच नाडी धरली आणि पाळकसाहेबांना हाक मारली, "साहेब, गाडी काढा!" साहेब अजून झग्यातच. भाऊ म्हणतायत आधी गुरांना पाणी दाखवून येतो. "गुरांकडं माझा नातू जाईल, तू गाडीत बस!" अहो-जाहो गेलंच एकदम. हार्ट अटॅक होता. डॉक्टर म्हणाले उशीर झाला असता तर अवघड होतं. भाऊ पुढं पुष्कळ वर्षं जगले, आणि दर रविवारी स्वतःच हात पुढं करायचे, "बघा मावशी, गरम आहे ना?"

मावशी नर्स होत्या हे खरं, पण तो हात त्यांनी दर रविवारी धरलेला होता म्हणून त्या दिवशी फरक कळला.

पद्धत कुठलीही असू द्या. पौलाच्या काळी पवित्र चुंबन होतं. कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, एकमेकांना शांतीची खूण हात जोडून किंवा आपले हात समोरच्याच्या हातांत ठेवून द्यायची मुभा भारतात 1969 साली मिळाली, मला ती फार आवडते. ग्रुपवर गुलाबाचा फोटो टाकणं म्हणजे सलाम नव्हे.

बदली होऊन आलेलं कुटुंब, हॉस्टेलची पोरं, ही मागच्या बाकावर बसतात आणि आशीर्वाद झाला की सगळ्यात आधी बाहेर पडतात. म्हणून शेवटच्या गीतालाच कुणीतरी मागं जाऊन उभं राहिलं पाहिजे. नाव विचारा, गाव विचारा, पुढच्या रविवारी त्याच नावानं हाक मारा. लक्षात राहत नसेल तर बायबलच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा, मावशी तसंच करायच्या. जय ख्रिस्त.