गादीवरची माणसं

(दृश्य : पुण्याचा लक्ष्मी रस्ता, सकाळ. साड्यांच्या दुकानांची शटर वर जातात.)

लक्ष्मी रस्त्यावर शटर वर जातात तेव्हा गिऱ्हाईक अजून घरी चहा घेत असतं. दुकानात मात्र गादीवर पांढरी चादर ताणून घालायचं काम चाललेलं असतं. तिच्यावर सुरकुती चालत नाही, डाग तर नाहीच. साडीचा रंग दिवसभर याच पांढऱ्यावर जोखला जाणार आहे.

(दृश्य : गादीवर साड्या दाखवणाऱ्या काकांचे हात, जवळून.)

आता हे हात बघा. गठ्ठ्यातून साडी निघते, मनगटाला एक झटका बसतो आणि पदर थेट गिऱ्हाइकासमोर उलगडतो. आधी पदर, मग काठ, अंगावरची बुट्टी शेवटी. पदरच आवडला नाही तर पुढची घडी मोडायची नाही, म्हणजे साडेपाच मीटर कापड पुन्हा जागेवर बसवायची मेहनत वाचते. नवा मुलगा दुकानात लागला की आधी कित्येक महिने नुसत्या घड्या घालतो. घड्या घालता घालता इरकल साडी कुठली आणि नारायणपेठी कुठली, हे त्याच्या बोटांना कळायला लागतं. पैठणीची घडी मात्र जुन्याच रेघेवर पुन्हा पुन्हा घालायची नसते. जरतार तिथेच तुटते.

(दृश्य : काका उभे राहतात.)

शर्ट-पँटवरच निऱ्या काढून काका त्या पट्ट्यात खोचतात, पदर खांद्यावर टाकतात आणि जरासे वळतात. कुणी हसत नाही. सगळ्यांची नजर पदर कसा पडतोय त्यावर आहे.

आज बस्ता आहे. नवरीचा शालू, पिवळी अष्टपुत्री, विहीणबाईंची साडी, आत्याची, मावशांच्या, करवलीची. यादी नवरीच्या आईच्या पर्समध्ये आहे, पण ढीग काका लावतात. आत्याच्या साडीत मावशीच्या साडीपेक्षा उणं काही दिसता कामा नये, हे त्यांना सांगावं लागत नाही. विहीणबाईंची साडी वेगळी ठेवली जाते, तिच्याबद्दल घरात एकदा तरी चर्चा होणारच.

आणि हे नीट बघा, कारण या कामातलं सगळ्यात नाजूक काम हेच आहे. गिऱ्हाइकाला बजेट विचारून अवघडवायचं नसतं. पहिल्या दोन-तीन साड्यांच्या लेबलकडे नवरीची आई कशी बघते, तेवढं काकांना पुरतं. पुढची साडी त्यांना झेपेल त्याच भावातली निघते, आणि ती तितक्याच कौतुकाने उलगडली जाते. चारचौघांत त्या बाईंचा मान राखला गेला. तो कुणी राखला, ते बाईंच्याही लक्षात आलेलं नाही.

(दृश्य : दाराशी, उन्हात धरलेली साडी.)

"जरा उजेडात बघू का?" मग दारापर्यंत जायचं, पुन्हा आत यायचं. मग फोनवर बहिणीला दाखवायची. मग "ह्यात दुसरा रंग?" मग फोटो. मग "विचार करून सांगते."

(निवेदन नाही. मुलगा एकटाच ढीग आवरतो. पंख्याचा आवाज.)

(दृश्य : भिंतीवरची पाटी.)

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' पाटी मालकाची, भांडण मात्र काउंटरवरच्या ताईंच्या वाट्याला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तेव्हा चिडलेलं गिऱ्हाईक अनेकदा बरोबर असतं. पण ते ज्या बाईवर आवाज चढवतं, तिला ना पाटी उतरवता येते, ना गल्ल्यातून पैसे काढून देता येतात.

(दृश्य : नवीन शोरूम. काचेचे काउंटर.)

इथे गादी नाही. गादीवर गिऱ्हाईक आणि विकणारा समोरासमोर बसत. इथे स्टूल आहेत, पण काउंटरच्या एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूच्या ताई सकाळपासून उभ्या आहेत. गिऱ्हाईक नसतानाही. संध्याकाळी पाय सुजतात, पोटऱ्यांच्या शिरा फुगतात.

पुण्यातली एक ते चारची बंद दुकानं हा चेष्टेचा जुना विषय. पण त्याच वेळात आतल्या खोलीत डबे उघडत आणि पाठ घटकाभर जमिनीला टेकत असे. २०१७ मध्ये शहरातल्या एका नामांकित मिठाईवाल्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तेव्हा त्याची बातमी झाली. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने महाराष्ट्रातली दुकानं वर्षाचे सगळे दिवस उघडी ठेवायला मुभा दिली. कामगारांना आठवड्याची सुट्टी आहे, ती पाळीपाळीने.

केरळमध्ये कोझिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी बसण्याचा हक्क मागितला. २०१८ मध्ये त्या राज्याने कायदा बदलला, आणि दुकानात कामगारांसाठी बसायची सोय ठेवणं मालकावर बंधनकारक झालं. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसंच केलं. आपल्या लक्ष्मी रस्त्यावरही काउंटरच्या आतल्या बाजूला एक स्टूल मावतो. आम्ही मोजून बघितलं.

(दृश्य : गादीचं दुकान, संध्याकाळ. बस्ता बांधला जातोय.)

नवरीची आई बिल चुकतं करते. फॉल-पिकोच्या साड्या वेगळ्या निघतात. दारातून ती परत वळते.

"काका, तुमची सुट्टी कधी असते?"

"बुधवारी."

"मग ब्लाउजपिसाला आम्ही गुरुवारी येतो."