पाण्याला काय म्हणतात?

सर्वांना नमस्कार, आणि आमच्या मंडळीतून आलेल्यांना सलाम. कापूस वेचणीचे दिवस आहेत. दिवसभर वाकून पाठ धरलेली असते, तरी एवढ्या बाया संध्याकाळी वाचनालयात आल्या, याचं मला फार अप्रूप आहे.

विषय दिलाय 'परदेशातल्या मिशन बोर्डिंगमधली मुलं'. मी सहा वर्षं केनियात होते, एका मिशनच्या निवासी शाळेत, लहान मुलांच्या वसतिगृहाची मेट्रन म्हणून. तिथं गोष्टी सांगितल्या, गाणी शिकवली, उवा काढल्या, अंथरूण ओलं केलेल्या पोरांच्या चादरी बाकीचे उठायच्या आत धुवून टाकल्या. ते सगळं सांगत नाही. आज मी भाषेबद्दल बोलणार आहे, कारण त्या सहा वर्षांत माझ्या हातून सर्वांत मोठी चूक झाली ती भाषेचीच.

सेवेला दूर जायचं, हे मी लहानपणापासून पाहत आले. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था १९५३ साली यवतमाळात सुरू झाली आणि १९८३ साली पुण्याला गेली. देशभरातली तरुण मुलं शिकायला यवतमाळात यायची, उन्हाळ्यात आपल्यासारखीच घामाघूम व्हायची, मोडक्या मराठीत भाजी घ्यायची. माझ्या आईनं त्यांतल्या कितीकांना जेवू घातलं. त्यांना पाहूनच वाटायचं, आपणही कधीतरी असं जावं.

तर केनिया. तिथं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, वर्षाची तीन सत्रं. पहिल्या दिवशी प्रत्येक पोरगं पत्र्याची पेटी घेऊन येतं. अगदी आपल्या आश्रमशाळेतल्या पोट्ट्यांच्या पेटीसारखी, कडीला कुलूप, झाकणावर रंगानं लिहिलेलं नाव. आत गणवेश, साबण, बुटाचं पॉलिश. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात. सात वर्षांचं मूल रात्री झोपेतही ती किल्ली मुठीत धरतं, हे मी रोज पाहिलं. घरचं म्हणून त्याच्याजवळ तेवढंच असतं.

सकाळी उजी, म्हणजे आपली आंबीलच समजा. दुपारी मका आणि घेवड्याचं गिथेरी, रात्री मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली आणि सुकुमा विकीची पालेभाजी. स्वाहिली शिकायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला रडू आलं, आनंदानं. साबणाला साबुनी, लेखणीला कलामु, औषधाला दावा, गाडीला गारी, पैशाला पेसा, दुकानाला दुका. शेकडो वर्षं गलबतं ये-जा करत होती, त्यांतून हे शब्द समुद्रावर फिरले. मला वाटलं, मी परक्या घरी आलेच नाही.

पण केनियात चाळीसहून अधिक भाषा आहेत, आणि आमच्या शाळेत नियम होता की आवारात फक्त इंग्रजी बोलायची. त्यासाठी एक लाकडी बिल्ला होता, दोरीत ओवलेला. कुणी आपल्या घरची भाषा बोलला की तो बिल्ला त्याच्या गळ्यात. मग त्यानं दिवसभर कान टवकारून दुसरा कुणी बोलतो का ते पाहायचं, आणि बिल्ला त्याच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं. रात्री ज्याच्याजवळ बिल्ला राहील त्याला शिक्षा. शाळेत छडी मारायला केनियाच्या सरकारनं २००१ सालीच बंदी घातली आहे, म्हणून शिक्षा काय, तर संडास धुणं. तरी पोरं त्या बिल्ल्याला छडीपेक्षा जास्त भ्यायची. मी हा नियम मोडला नाही. उलट नीट पाळला. मला खरोखर वाटायचं की इंग्रजी आलं की पोरांचं भलं होईल. मुख्याध्यापकांचं म्हणणंही खोटं नव्हतं. आईबाप गाई विकून फी भरायचे ते इंग्रजीसाठीच, आणि इतक्या भाषांच्या पोरांनी एकमेकांशी बोलायचं तरी कशात?

मे महिन्यात सुट्टीहून मुलं परत आली. उत्तरेकडे तुर्काना हा कोरडा मुलूख आहे, लोडवार त्याचं मुख्य गाव. तिकडचा एक मुलगा मलेरिया घेऊनच आला. आमच्या डोंगरात थंडी, आणि त्याचं अंग तव्यासारखं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. रात्री दोनच्या सुमारास तो उठून बसला आणि म्हणायला लागला, "न्गाकिपी, न्गाकिपी." मी टॉर्च घेऊन जवळ गेले. मला कळेना. मी त्याला म्हटलं, इंग्रजीत सांग बाळा, इंग्रजीत सांग. तापानं फणफणलेल्या सात वर्षांच्या पोराला मी हे म्हटलं. तो पुन्हा तेच म्हणाला, मग नुसते ओठ हलवायला लागला. मी कपाळावर ओली पट्टी ठेवत राहिले. शेजारच्या पलंगावर नऊ वर्षांचा दुसरा मुलगा होता, तोही तुर्कानाच. तो जागा होता, डोळे उघडे. बऱ्याच वेळानं तो पांघरुणातून हळूच म्हणाला, "मॅडम, ही वॉन्ट्स वॉटर."

पाणी. पोरगं पाणी मागत होतं, आणि पाण्याचा जग माझ्या हातापासून दोन फुटांवर.

मी त्या मोठ्याला विचारलं, तू आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, तो शब्द मला कळला हे दाखवलं असतं, तर बिल्ला मला मिळाला असता. 

आता कुणी म्हणेल, पोरगं घाबरलं होतं, भलतंच समजलं. भलतं समजलं नव्हतं. आम्हीच त्याला शिकवलं होतं की आईची भाषा कळणं हा गुन्हा आहे.

मी ख्रिस्ती बाई आहे, तेव्हा मला माझ्या शास्त्रातूनच बोलू द्या. मार्कच्या शुभवर्तमानात याईर नावाच्या माणसाची बारा वर्षांची मुलगी आहे. घरात रडारड चाललेली असताना येशू तिचा हात धरून म्हणतो, "तलीथा कूम." मुली, ऊठ. सगळं शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिलंय, पण हे दोन शब्द लिहिणाऱ्यानं तसेच अरामी ठेवले, त्या मुलीच्या घरातल्या भाषेत. आणि त्यानंतर येशू काय म्हणतो? हिला काही खायला द्या. एवढंच. लहानपणापासून हा उतारा माझ्या तोंडपाठ, पण त्या रात्रीनंतर मी तो पहिल्यांदा वाचला असं मला वाटतं.

आपल्या महाराष्ट्रातही परदेशी मुलांचं मिशन बोर्डिंग होतं, हे फार जणांना ठाऊक नाही. गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला आणली जात, आणि त्यांतली कितीतरी नाशिकजवळ शरणपूरला, चर्च मिशनरी सोसायटीच्या वस्तीत वाढली. तिथं ती लिहायला शिकली, हातकाम शिकली. त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ साली स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याच्यासाठी प्रार्थना वाचणारा आणि झाडाच्या खोडावर नाव कोरणारा तरुण तो, नाशिकला शिकलेला. पुढे मोम्बासाजवळ १८७५ साली फ्रीअरटाउन ही मुक्त गुलामांची वस्ती झाली, तिथंही नाशिकची मुलं गेली. मिशननं त्यांचे जीव वाचवले, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण 'जेकब' हे त्याच्या आईनं ठेवलेलं नाव नव्हे. आईनं हाक मारलेली ती मुलं आपली भाषा रात्री कुणाशी बोलली असतील, हा विचार मला सुटत नाही.

आणि दुसऱ्या प्रकारचा मिशनरीही आपल्याच विदर्भात होऊन गेला. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आला. त्यानं शाळा काढल्या, आणि गावोगाव हिंडून गोंडांची गाणी, त्यांचे शब्द, त्यांचा पुराणपुरुष लिंगो याची कथा लिहून घेतली. १८६३ साली टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात तो बुडाला. त्याचे कागद इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलनं १८६६ साली छापले. आधी ऐकायचं, मग सांगायचं, हे त्या माणसाला कळलं होतं.

केनियात मी मग एक केलं. शंभर पानी वही घेतली आणि पोरांनाच शिक्षक केलं. पाणी, भूक, दुखतंय, भीती वाटते, आई, हे पाच शब्द ज्याच्या त्याच्या भाषेत. लुओ पोरगं म्हणालं 'पी'. कांबा 'मान्झी'. मसाई मुलगी म्हणाली 'एन्कारे', आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं की नैरोबी हे नावही आमच्याच भाषेतलं, थंड पाणी. वही रात्रपाळीच्या खुर्चीला दोरीनं बांधून ठेवली. शाळेचा नियम बदलला नाही. पण वसतिगृहात रात्री दिवे मालवल्यानंतर बिल्ला चालणार नाही, एवढं मी मुख्याध्यापकांकडून कबूल करून घेतलं, त्यासाठी दोन महिने लागले. पहिल्या रात्री अंधारात बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग एका कोपऱ्यातून कुणीतरी आपल्या भाषेत काहीतरी म्हणालं आणि चारपाच पोरं खुदकन हसली. मी बाहेर व्हरांड्यात उभी होते.

आता मी गावी परत आलेय, आणि ती वही माझ्याजवळ आहे. आपल्या जिल्ह्यात कोलाम आहेत, गोंड आहेत, वर मेळघाटात कोरकू आहेत. त्यांची सहा-सात वर्षांची लेकरं आश्रमशाळेत येतात, तीही अशीच पेटी घेऊन, आणि पहिल्या दिवसापासून त्यांच्याशी मराठी. आपली मराठी, जी आपल्याला मायमराठी वाटते, ती त्यांना माझ्या इंग्रजीसारखी असते. हे मला इथं येऊन कळलं, नाहीतर मी आयुष्यभर इंग्रजीलाच दोष देत बसले असते. इथं बसलेल्या गुरुजींना, मॅडमना, स्वयंपाक करणाऱ्या मावश्यांना मी हात जोडून सांगते, रात्री मूल काय मागतं ते कळायला हवं, बाप्पा.

गेल्या गुरुवारी मी एका वसतिगृहात वही घेऊन गेले. गोंडी पोरांनी लगेच सांगितलं, 'येर'. एक कोलाम मुलगी रांजणाजवळ उभी होती, हातात गडवा. तिला विचारलं, तुझी आई पाण्याला काय म्हणते गं? तिनं आधी आजूबाजूला पाहिलं. मग सांगितलं. मी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "इर." ती मान हलवत म्हणाली, असं नाही मॅडम, लांब म्हणा. "ईर." मी म्हटलं. अजून लांब, ती म्हणाली, आणि मला म्हणून दाखवायला तिनं गडवा खाली ठेवला.