पिचरांचा माणूस: जॉनी सेन

(दृश्य: ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड, कृष्णधवल चित्रफीत)

१५ एप्रिल १९४७. जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला आणि मेजर लीग या अमेरिकेच्या अव्वल बेसबॉल स्पर्धेतली वर्णभेदाची भिंत पडली. त्या दिवसाचा इतिहास रॉबिन्सनच्या नावावर आहे, आणि ते योग्यच. पण समोर चेंडू घेऊन उभा होता बॉस्टन ब्रेव्ह्ज संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जॉनी सेन. त्या सामन्यात रॉबिन्सनला एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मिळाली नाही.

सेन आर्कान्सातल्या हवाना या छोट्या गावचा. वेग बेताचा, सगळी भिस्त कर्व्हबॉलवर, म्हणजे हवेत वळून खाली पडणाऱ्या चेंडूवर. चेंडूला पुढच्या दिशेनं फिरकी दिली की हवाच त्याला खाली दाबते. क्रिकेटच्या फिरकीला टप्प्याची मदत असते. इथे टप्पाच नाही, जे करायचं ते हवेतच. युद्धकाळात नौदलात विमान चालवायला शिकताना हवेचं शास्त्रही त्याच्या हाती लागलं होतं. बेसबॉलमध्ये सामन्यातला विजय पिचरच्या नावावर लागतो; १९४८मध्ये त्यानं २४ सामने जिंकले. विजेतेपद ठरवणाऱ्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात क्लीव्हलँडच्या बॉब फेलरला १-० असं हरवलं. सिरीज मात्र क्लीव्हलँडनं नेली.

(दृश्य: सळईवर बसवलेला, फिरणारा चेंडू)

खरी गोष्ट सुरू होते ती खेळणं थांबल्यावर. पिचिंग कोच म्हणून सेननं चेंडू सळईवर बसवून एक साधं यंत्र बनवलं. बोटं कुठं ठेवली की चेंडू कसा फिरतो, ते पिचरनं स्वतः पाहावं. त्या काळी पिचरांना मैदानाला चकरा मारायला लावत. सेनला ते पटत नसे. चेंडू काही पायांनी टाकायचा नसतो, हात तयार होतो तो टाकूनच!

आणि त्याच्या हाताखालच्या पिचरांचे निकाल पाहा. १९६१ : यांकीजचा व्हायटी फोर्ड, २५ विजय. याआधी त्यानं विशीही गाठली नव्हती. अर्थात, मॅनेजर राल्फ हाउकनं त्याला जास्त सामने दिले, तेही खरं. १९६५ : मिनेसोटाचा मडकॅट ग्रँट, २१. १९६८ : डेट्रॉइटचा डेनी मॅक्लेन, ३१. त्यानंतर तिशी कुणालाच गाठता आलेली नाही.

तरीही सेन कुठे टिकला नाही. तो पिचरांची बाजू घ्यायचा, पगाराच्या बोलणीत मागे हटू नका म्हणायचा. मॅनेजरांना हे कसं रुचावं? १९६६मध्ये मिनेसोटानं त्याला काढलं, त्याच वर्षी त्याच्या हाताखाली जिम काटनं २५ सामने जिंकले होते! काट गप्प बसला नाही. त्यानं चाहत्यांना उद्देशून जाहीर पत्र लिहून निषेध केला. डेट्रॉइटनंही १९६८च्या विजेतेपदानंतर वर्षभरात सेनला निरोप दिला.

(दृश्य: शिकागो व्हाइट सॉक्सचं मैदान)

१९७३. चौतिशीतल्या काटला मिनेसोटानं सोडलं, शिकागोनं घेतलं. तिथे पिचिंग कोच होता सेन. पुढच्या दोन हंगामांत काटनं २१ आणि २० सामने जिंकले.